दादांच्या शेजारची सीट

दादांचं लायसन रिन्यू करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात ओटीपी आला की सगळे माझ्याकडे बघतात. लग्नाला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांच्या सुनेला सासरी दोनच गोष्टी कोणाला न विचारता करता येतात, तांदळाच्या भाकऱ्या आणि ऑनलाइन फॉर्म.

दादा म्हणजे माझे सासरे, कुंडलिक. वय सहासष्ट. किन्हवलीच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. दादांनी सत्तावीस वर्षं शहापूर ते मुरबाड पॅसेंजर जीप चालवली. अकरा वर्षांपूर्वी एका दिवसात तो धंदा बंद केला, का ते घरात कोणी बोलत नाही, पण जीप विकली नाही. लग्न ठरताना मला शब्द दिला होता की नर्सिंगचा कोर्स पुरा करू देऊ. तो शब्द घरात एकट्या दादांच्या लक्षात राहिला. माझा वर्ग मुरबाडला नऊला भरतो, आणि आमच्या फाट्यावरची एसटी कधी साडेआठला येते, कधी साडेनऊला, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून दादाच मला नेऊन सोडायचे आणि परत आणायचे.

मी मागे बसायची. सासऱ्याच्या शेजारी सून बसत नाही, हे कोणी सांगावं लागत नाही. पण दादा त्या सीटवर कोणालाच बसू देत नसत. गावातलं कोणी हात दाखवून चढलं तर म्हणायचे, "मागं बस रे, तिची स्प्रिंग तुटलीय." मी एकदा झाडताना दाबून पाहिली होती. स्प्रिंग धड होती. सीटला मात्र एक आंबूस वास होता. सासूबाई, म्हणजे आई, दर अमावास्येला ती लिंबाने पुसायच्या, तरी आठवड्यात वास परत यायचा.

दादा गाडी चालवताना मधेमधे "हां... हां..." करायचे. कोणी काही सांगत असावं आणि आपण ऐकतोय असं दाखवावं, तसं. मला वाटायचं, सत्तावीस वर्षं पॅसेंजरच्या गप्पा ऐकून लागलेली सवय असेल.

माझा नवरा साईनाथ आसनगावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये जातो. गेल्या दिवाळीत दादांनी देवळाच्या कठड्याला जीप घासली, तेव्हापासून तो तापलेला होता. जेवताना म्हणाला, "जानेवारीत लायसन संपतंय. संपलं की गाडी देऊन टाकायची. दादा, बास झालं आता."

"नि हिचा वर्ग?" आईंनी विचारलं.

"हिचं बघू पुढल्या वर्षी."

दादा ताटात चाचपडत मिठाची जागा शोधत राहिले. मी खाली मान घालून वाढत होते. माझी आईही शिवणाचा क्लास 'पुढल्या वर्षी' लावणार होती. तिचं मशीन अजून माहेरी माळ्यावर आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला भोळी समजायला नको. दादांना नीट दिसत नाही हे मला माहीत होतं. डोळ्यांच्या वॉर्डात मी पंधरा दिवस काम शिकले होते. माणूस समोरची वस्तू बघायला मान वाकडी करतो, डावा खांदा रोज त्याच चौकटीला आपटतो, दिव्याभोवती गोल रंग दिसतात म्हणतो, याला काय म्हणतात ते मी वहीत लिहून घेतलं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. हे मला ठाऊक असताना मी फॉर्म भरला. 'दृष्टीचा काही त्रास आहे का' या प्रश्नापुढे मी 'नाही' वर बोट ठेवलं. बोट अजिबात थरथरलं नाही, त्याचीच नंतर जास्त लाज वाटली.

फॉर्म भरला तरी त्या वयाला डॉक्टरांचा दाखला लागतो. शहापूरला एक डॉक्टर हे दाखले देतात. मी डोकं दुखतंय असं सांगून आधी एकटी जाऊन आले. डोकं चांगलं होतं. डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता पाठ करायचा होता. मराठी अक्षरांचा, वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या सात ओळी. डॉक्टरांनी मला दोन गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "विश्रांती घेत जा, नवीन लग्न झालंय ना." मी लाजल्यासारखं केलं. तेही खोटंच.

मग आठ दिवस पडवीत आमचा अभ्यास चालला. मी तांदूळ निवडायची आणि दादा पाठ म्हणायचे. "र. मग ग, प. मग ल, द, ट..." चौथी शिकलेला माणूस, पण पोरासारखा मन लावून म्हणायचा. चुकले की स्वतःच कान धरायचे.

आई एकदा चुलीपासून ओरडल्या, "काय गो, कसला जप लावलाय ह्यांना?"

"डोळ्यांसाठी आहे," मी म्हणाले.

"मग मलाबी सांग. माझं गुडघं दुखतात."

आम्ही तिघं हसलो. सगळ्यात जास्त दादा हसले. आणि हसता हसता डोळ्यांना धोतराचं टोक लावून म्हणाले, "योगिनी, तू मेहनत घेतेस गो पोरी माझ्यासाठी." त्यांच्यासाठी! मी सुपातला एक खडा शोधत बसले, जो नव्हताच.

दाखल्याच्या दिवशी आम्ही तीन वाजता शहापूरला पोहोचलो. दवाखान्यात गर्दी नव्हती. दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ओठ हलत होते. आमचा नंबर आला. मी दादांच्या मागे दारात उभी राहिले आणि समोर पाहिलं.

तक्ता बदललेला होता.

जुन्याच्या जागी नवा, पांढराशुभ्र. वरचं अक्षर 'र' नव्हतं, 'च' होतं. त्याखालचं सगळंच वेगळं. दादांना खुणवायला जागा नव्हती. डॉक्टर बाजूलाच उभे होते.

"हं, आजोबा. डावा डोळा झाका. वाचा."

दादांनी तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला. मी बाजूने पाहत होते, म्हणून मला दिसलं. उजवा डोळाही त्यांनी मिटून घेतला होता. गच्च. मला वाटलं, आता पाठ केलेलं म्हणणार, आणि संपलं सगळं.

मग त्यांनी मान थोडी डावीकडे कलती केली, गाडीत करतात तशी. त्या बाजूला कोणी नव्हतं. औषधाच्या जाहिरातीचं कॅलेंडर होतं फक्त.

"हां..." दादा हळूच म्हणाले. आणि वाचायला लागले. "च. ब, य. न, स, ळ..."

एकेक अक्षर बरोबर. प्रत्येकाआधी एवढंसं थांबणं, कोणी आधी सांगतंय आणि हे मागून म्हणतायत असं. सातवी ओळ दारातून मलाही लागत नव्हती. डॉक्टरांनी दोन पावलं पुढे जाऊन ती ताडून पाहिली.

"वा! आजोबा, माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय तुम्हाला."

दादांनी डोळे उघडले. हसले नाहीत. डॉक्टरांनी तिथूनच दाखला अपलोड केला, माझ्या मोबाइलवर ओटीपी आला आणि मी तो वाचून दाखवला. काम झालं. दवाखान्यातून बाहेर पडताना मला तो वास आला, सीटचा. आंबूस. गाडी अजून पन्नास पावलं लांब होती.

परत निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते. थंडीचे दिवस, ऊन लवकर विझतं. सापगावचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर धूर साचल्यासारखं झालं होतं. दादा छान चालवत होते. खड्डा आला की आधीच वेग कमी. वळण आलं की आधीच हॉर्न. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. ती मान दर थोड्या वेळाने डावीकडे कलत होती.

"दादा..."

"हं."

"तक्ता बदललेला होता."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "म्हायती हाय."

"मग तुम्ही कसं..."

"मला दिसत नाय गो, योगिनी. डाव्यानं चार वर्सां झाली. उजव्यानं नुसतं धुकं. मानूस हाय का झाड, तेबी कळत नाय."

रस्ता पुढे वळत होता, आणि गाडी बरोबर त्याच्यासारखी वळली.

"मग गाडी कोण..."

"ती सांगते," दादा म्हणाले.

मी पुढच्या डाव्या सीटकडे पाहिलं. रेक्झिनवर संध्याकाळचा राखाडी उजेड पडला होता. मधोमध सीट थोडी दबलेली होती. खड्ड्यातून गाडी उडाली तरी तो खळगा भरून वर आला नाही.

दादांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. समोर बघत, कोणा तिसऱ्याबद्दल बोलावं तसं, ते हळूहळू सांगायला लागले.

"बाईजा नाव तिचं. वरच्या वाडीतली. दम्याची बाई. मुरबाडला दवाखान्यात निघाली व्हती, एकटीच. हितं, माझ्या शेजारी बसली व्हती. बाजाराचा दिवस, गाडी भरलेली. वाटेत ओकली. लोक बोंबलायला लागली, हिला उतरव, वास मारते, आमची कापडं खराब व्हतील. मी बोललो, बाय, तू हितं झाडाखाली बस, फेरी टाकून येतो नि तुला एकटीला नेतो. उतरली बिचारी. काय बोलली नाय."

"मग?"

"दुसऱ्या फेरीलाबी गाडी भरलेली व्हती. लांबूनच दिसली मला. हात दाखवत व्हती. तवा डोळं चांगलं व्हतं माझं." त्यांनी बोटांनी स्टिअरिंग चाचपलं. "थांबलो नाय. हॉर्न दिला नि गेलो. तिसऱ्या फेरीला... बसलेलीच व्हती. झाडाला टेकून. हात तसाच."

समोरून एक दुचाकी गेली, तिच्या उजेडात दादांचं तोंड दिसलं. ते रडत नव्हते. असं तोंड मी वॉर्डात पाहिलं आहे, बेडपॅन द्यायला अनोळखी पोरगी येते तेव्हा म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं.

"डोळं गेलं तवा मी गाडी बंदच करणार व्हतो. मग एक दिवस कानाशी बोलली. हळू... पुढं म्हस हाय. तवापासून सांगते. चार वर्सां. का सांगते, मी इचारलं नाय कदी. मी कोन इचारनार?"

आता माझी पाळी होती. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, दादा, उतरा, आपण साईनाथला फोन करू, गाडी इथेच राहू दे. मोबाइल माझ्या हातात होता. पण परीक्षेला तीन महिने उरले होते. साईनाथला एक शब्द कळला की जीप गेली, आणि जीप गेली की मी 'पुढल्या वर्षी'. एक आंधळा म्हातारा आणि एक मेलेली बाई मिळून मला वर्गाला पोहोचवत होती, आणि मी मनात दिवस मोजत होते.

"चला दादा," मी म्हणाले. "उशीर होतोय."

दादांनी गिअर टाकला. गाडी हलली, दहा पावलं गेली आणि गचकन थांबली.

"काय झालं?"

"बोलत नाय ती." दादांचा आवाज एकदम लहान झाला. "तुला सांगितलं ना मी... उतरली वाटतं."

अंधार पडत होता. घर अजून सहा किलोमीटर. मागून एक ट्रक हॉर्न देत आला आणि जीपला हलवून गेला. दादांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे कुठेच नव्हते. मला गाडी येत नाही. मी मागून उतरले, पुढे आले, डावं दार उघडलं आणि त्या सीटवर बसले.

सीट गरम होती.

"सरळ," मी म्हणाले. "हळू... आता डावीकडे. थोडं अजून. समोरून रिक्षा येतेय, थांबा..."

"हां," दादा म्हणाले. "हां..."

असे आम्ही घरी आलो. पंधरा दिवसांत पोस्टाने कार्ड आलं. दादांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं आणि देवाजवळ ठेवलं. साईनाथ म्हणाला, "डॉक्टरनं पास केलंय म्हणजे ठीकच असंल." मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

त्यानंतर मी रोज पुढे बसायला लागले. गावात बोलणं झालंच. शेजारची कमळूआत्या पाण्याला जाताना थांबून म्हणाली, "सासऱ्याच्या शेजारी बसून कालेजला जाते गो आमची राणी! आता सासूला मागं बसवशील." आई फक्त म्हणाल्या, "डोक्यावर पदर तरी घे." मी घ्यायची. आणि पदराआडून सांगायची, खड्डा, वळण, बकऱ्या, थांबा. दादा मान कलती करून ऐकायचे. वाटेतल्या सरळगावपर्यंत सांगून सांगून माझा घसा सुकायचा. वास मात्र राहिला नव्हता. आई म्हणाल्या, लिंबाचा गुण.

परीक्षेला पंधरा दिवस होते तेव्हा मला ताप आला. साईनाथ रात्रपाळीला होता, परस्पर दुसरी पाळी करून येणार होता. आई भल्या पहाटे सापगावला बहिणीकडे गेल्या होत्या. दादांना सांगायला उठायचं, एवढं मनाशी म्हणत मी मागच्या खोलीत गोधडीत पडले होते, आणि तिथेच झोप लागली. जाग आली ती जीपच्या आवाजाने. दहा वाजले होते. जीप बाहेरून येत होती.

दादा हात धुवायला मागे आले. मी खोकले.

त्यांच्या हातातला तांब्या थांबला. "कोन?"

"मी, दादा. ताप आलाय. आज गेले नाही."

पाणी त्यांच्या बोटांवरून गळत राहिलं. "आताच तर तुला सोडून आलो," ते म्हणाले. "मुरबाडला... गेटाशी."

"मी इथेच होते."

"रस्ताभर सांगत व्हतीस. सरळगावला ट्रक आडवा व्हता, थांबवलास मला. आवाज बसलेला वाटला. मी बोललो, पोरीला सर्दी झाली." दादा चौकटीला धरून खाली बसले. "उतरताना बोललीस, न्यायला या. इसरू नका."

मोबाइल माझ्या उशाखाली होता. साईनाथला फोन लावायला एक बोट पुरे होतं. पंधरा दिवस, मी मनात म्हटलं. फक्त पंधरा दिवस.

तीन वाजता दादांनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"दादा... नका जाऊ."

ते दारात वळले. डोळे माझ्या जरा डावीकडे बघत होते. "एकदा तिला येतो म्हनून सांगितलं नि गेलो नाय गो मी," ते म्हणाले. "आता कसा नको जाऊ?"

मी त्यांच्या पाठोपाठ उठले नाही. ताप होता, हे खरं आहे. फोनही केला नाही. त्याचा तापाशी काही संबंध नव्हता.

जीप परतली तेव्हा सहा वाजून गेले होते. आई नुकत्याच सापगावहून येऊन अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. घरात अजून आल्या नव्हत्या, मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. इंजिन बंद झालं. गाडीचं एक दार वाजलं. मग, पलीकडचं, दुसरं.

"आलीस का गो?" आई मान वर न करता म्हणाल्या. "पाय धू नि आत जा. दमली असशील."

थोड्या वेळाने मोरीवर कोणीतरी सावकाश पायांवर पाणी ओतलं. गोधडीत मी माझे पाय जवळ ओढून घेतले.